पायथ्याशी थांबणारी वाहतूक

कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या गोंदियाला संपतात. राज्याचा नकाशाही थोड्या अंतरावर संपतो, पण प्रवास संपत नाही. गोंदियाच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी, मध्य प्रदेशातले बालाघाट शहर आहे. तिथून ईशान्येकडे घाट चढून गेले की सातपुड्याच्या मैकल रांगेला टेकलेले बैहरचे पठार लागते. या पठारावर बैगा आणि गोंड समाजाची गावे आहेत, मलाजखंडची तांब्याची खाण आहे, उकव्याची मॅंगनीजची खाण आहे आणि कान्हा व्याघ्र प्रकल्पाचे मुक्की प्रवेशद्वार आहे. नागपूर-गोंदियाकडून या पठारावर जाण्याचे मार्ग गेल्या वीस वर्षांत वाढले. तरीही घाटापलीकडे राहणाऱ्या माणसाचा एक दिवस आजही प्रवासातच जातो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे दोन्ही राज्यांनी शांतपणे पाहण्याची वेळ आली आहे.

या वाटेने जाणारे लोक चार प्रकारचे आहेत. पहिले पठारावरचे रहिवासी. त्यांना उपचारासाठी, कचेरीच्या कामासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी आणि बाजारासाठी खाली यावे लागते. दुसरे नोकरदार: शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, खाणीतले कामगार. तिसरे दोन्हीकडचे नातेवाईक. पवारी बोलणारी कुटुंबे गोंदिया, भंडारा, बालाघाट आणि शिवनी अशा चारही जिल्ह्यांत पसरलेली असल्यामुळे लग्नकार्याची ये-जा राज्याची सीमा मानत नाही. चौथे पर्यटक. यांपैकी चौथा गट स्वतःची किंवा भाड्याची मोटार घेऊन निघतो आणि त्याचा प्रश्न पैशाने सुटतो. उरलेल्या तिघांचा प्रश्न सार्वजनिक वाहनावाचून सुटत नाही. म्हणून पर्यटनाच्या माहितीपत्रकात हे ठिकाण जवळचे वाटते आणि तिथल्या रहिवाशाला शहर दूरचे वाटते.

डोंगर आणि मैदान यांचा हा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा तयार करण्यात आला. खाली वैनगंगा, बाघ, देव आणि सोन या नद्यांच्या पाण्यावर भात पिकवणारा सखल मुलूख, तर वर जंगलाने भरलेले, विरळ वस्तीचे पठार. हे दोन भाग एकाच जिल्ह्यात आणण्यामागे सरळ हिशेब होता. खोऱ्यातल्या कष्टाळू शेतकऱ्याने वर जाऊन पडीक जमीन लागवडीखाली आणावी, अशी सरकारची इच्छा होती. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस, लछमन नाईक यांनी परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसवल्याची नोंद आहे. पुढे पवार शेतकरी मोठ्या संख्येने वर गेले. हा जिल्हाच मुळी घाटाच्या खालच्या आणि वरच्या लोकांची ये-जा होईल या भरवशावर उभा राहिला आहे. ती ये-जा अडली, तर जिल्हा कागदावर एक राहतो आणि व्यवहारात दोन होतो.

रेल्वे आली ती खोऱ्यातून. बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूरपर्यंत आणि पुढे जबलपूरपर्यंत अडीच फुटी अरुंद मार्ग टाकला. १९०३ ते १९०५ या काळात तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. सातपुड्याची ही छोटी गाडी शतकभर या भागाची जीवनवाहिनी होती. नैनपूर हे अरुंद मार्गाचे मोठे जंक्शन म्हणून देशभर ओळखले जाई. त्या छोट्या गाडीची इंजिने आणि डबे आता नागपूरच्या मोतीबाग येथील संग्रहालयात पाहायला मिळतात. परंतु एक गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. हा रेल्वेमार्ग वैनगंगेच्या खोऱ्याने लामटा-नैनपूरकडे निघून जातो, बैहरच्या पठारावर चढत नाही. पठारावरचा प्रवासी शंभर वर्षांपूर्वीही बालाघाटच्या स्थानकापर्यंत बैलगाडीने किंवा पायी उतरत होता. वाहन बदलले, उतरण्याचे ठिकाण तेच राहिले.

अरुंद मार्गाचे रुंदीकरण ही गेल्या दोन दशकांतली सर्वांत मोठी घडामोड. गोंदिया-बालाघाट हा टप्पा आधी रुंद झाला. बालाघाट-जबलपूर टप्प्यावरची जुनी गाडी २०१५ मध्ये थांबली आणि पुढचे काम जंगल व वन्यजीवांच्या मंजुरीसह पूर्ण व्हायला सुमारे पाच वर्षे लागली. त्या काळात नैनपूर-लामट्याकडच्या गावांना रेल्वेच नव्हती. २०२१ पासून जबलपूर ते बल्लारपूरजवळच्या चांदाफोर्टपर्यंत थेट गाडी धावू लागली आणि उत्तर-दक्षिण प्रवासाचा एक जवळचा रस्ता मोकळा झाला. मालगाड्यांनाही या मार्गाने अंतर वाचवता येते. हा लाभ मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. मात्र लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी आखलेल्या मार्गावर छोट्या स्थानकांचे थांबे आणि स्थानिक गाड्यांच्या सोयीच्या वेळा मागे पडतात. जुनी गाडी हळू होती, पण ती प्रत्येक गावाची होती. नव्या मार्गावर वेग आला आहे. आता गावांची सोय परत आणण्याचे काम उरले आहे.

दुसरी घडामोड कमी गाजली, पण नागपूरच्या प्रवाशाला महत्त्वाची आहे. बालाघाटकडून येणारा रुळ कटंगीला संपत होता आणि तुमसरकडून येणारा रुळ तिरोडीला. मधले अंतर अवघे पंधराएक किलोमीटर. ही दोन गावे जोडली नव्हती, म्हणून नागपूर-तुमसरच्या प्रवाशाला बालाघाटला जाण्यासाठी गोंदियाचा वळसा घ्यावा लागे. हा तुटलेला दुवा अलीकडच्या वर्षांत जोडला गेला आणि तुमसर-तिरोडी-कटंगी-वारासिवनी-बालाघाट असा सलग रुळ तयार झाला. तिरोडी, कटंगी हा मॅंगनीजच्या खाणींचा पट्टा. तिथल्या लोकांना नागपूर जवळ आले. कोट्यवधींच्या द्रुतगती मार्गांपेक्षा पंधरा किलोमीटरचा हा जोड एका मोठ्या भूभागाला अधिक उपयोगी ठरू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते. अट एकच: त्यावरून लोकांच्या वेळेला गाड्या धावल्या पाहिजेत.

आता रस्त्याचे पर्याय पाहू. नागपूरहून बालाघाटला जाण्याचे तीन रस्ते रूढ आहेत. पहिला भंडारा-तुमसर-वारासिवनी हा साधारण पावणेदोनशे किलोमीटरचा. दुसरा भंडारा-तिरोडा-गोंदिया आणि तिथून रावणवाडी, राजेगाववरून बाघ नदी ओलांडून बालाघाट. तिसरा राष्ट्रीय महामार्ग ४४ ने शिवनीपर्यंत आणि तिथून बरघाटमार्गे पूर्वेकडे. तिसरा लांबचा आहे, पण महामार्ग रुंद असल्यामुळे स्वतःची मोटार असणारे बरेच जण तोच धरतात. बालाघाटहून पुढे बैहर सुमारे पासष्ट किलोमीटर. गांगुलपाऱ्याच्या बाजूने घाट चढून उकव्यावरून एक रस्ता जातो, तर दुसरा परसवाड्यावरून. बैहरहून मुक्की वीसेक किलोमीटर आणि मलाजखंडही साधारण तितकेच. शहर ते पायथा या अंतराच्या तुलनेत पायथा ते पठार हे अंतर थोडे आहे. वेळ मात्र तिथेच जातो, कारण वळणे, चढ, जंगल आणि खनिजाचे ट्रक यांमुळे ताशी तीस-पस्तीसच्या वर सरासरी वेग मिळत नाही.

नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्गाचा प्रस्तावही या संदर्भात चर्चेत असतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि तो पूर्वेकडे भंडारा-गोंदियापर्यंत वाढवण्याचा शासनाचा विचार आहे. असा मार्ग झाला तर नागपूर ते गोंदिया हा प्रवास तास-दीड तासाने कमी होईल. परंतु हा सगळा वेळ मैदानातला असेल. घाटातले दोन तास त्यामुळे एका मिनिटानेही कमी होणार नाहीत.

विमानाचीही तीच गोष्ट. गोंदियाजवळचे बिरसी हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले विमानतळ. मार्च २०२२ मध्ये उडान योजनेखाली फ्लायबिगने इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी सेवा सुरू केली, पण ती टिकली नाही. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने गोंदिया-हैदराबाद-तिरुपती सेवा सुरू केली. बालाघाट शहराला हे विमानतळ रस्त्याने तासाभराच्या आत आहे, ही सोय लहान नाही. हैदराबादहून कान्हाला येणाऱ्या पर्यटकाला किंवा तातडीने दूरच्या शहरात जाणाऱ्याला तिचा उपयोग होतो. पण बिरसीला उतरल्यावर मुक्कीपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर उरतात आणि ती भाड्याच्या मोटारीनेच कापावी लागतात. पठारावरच्या सामान्य कुटुंबाच्या रोजच्या प्रवासात विमानाचे स्थान नाही.

रेल्वे, द्रुतगती मार्ग आणि विमान हे तिन्ही पर्याय प्रवाशाला पायथ्यापर्यंत आणून सोडतात. पायथ्यापासून वर नेणारे वाहन एकच आहे: बस, आणि बस नसेल तेव्हा जीप. म्हणून बैहरला पोहोचायला किती वेळ लागेल याचे उत्तर बालाघाटच्या बस स्टँडवर ठरते. नागपूर ते गोंदिया गाडीने दोन तास, गोंदिया ते बालाघाट सुमारे एक तास आणि बालाघाट ते बैहर बसने दोन-अडीच तास. प्रत्यक्ष चालत्या वाहनात घालवायचा वेळ पाच-सहा तासांहून अधिक नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारी पोहोचायला हवा. तो संध्याकाळी पोहोचतो, कारण दर टप्प्यावर तो वाट पाहत बसतो. गाडी आणि बस यांच्या वेळा एकमेकींशी बांधलेल्या नाहीत. दुपारची शेवटची सोयीची बस चुकली की रात्र बालाघाटात काढावी लागते, किंवा खचाखच भरलेल्या जीपमध्ये अंधारात घाट चढावा लागतो.

यामागे एक धोरणात्मक निर्णय आहे. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि अनेक अडचणी सोसूनही ती टिकून आहे. मध्य प्रदेशचे राज्य परिवहन महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, पण तोट्यामुळे २००५ मध्ये ते गुंडाळण्याचा निर्णय झाला. त्यानंतर वीस वर्षे त्या राज्याची प्रवासी वाहतूक खासगी बसमालकांच्या हाती राहिली. या बसमालकांना दोष देण्याचे कारण नाही. सरकारने हात काढून घेतल्यावर बैहर, मलाजखंड, लांजीच्या रस्त्यांवर वाहतूक चालू ठेवली ती त्यांनीच. पण खासगी बस जिथे प्रवासी भरपूर आणि ज्या वेळी भरपूर, तिथे आणि त्या वेळीच धावणार. पहाटेची, रात्रीची आणि आडगावची फेरी तिला परवडत नाही. तोट्याच्या त्या फेऱ्या भरून काढणारी व्यवस्था महामंडळाबरोबर गेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही.

ती आणण्याचा प्रयत्न आता सुरू झाला आहे. एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली. सरकारने स्वतः बसगाड्या विकत घेण्याऐवजी राज्यस्तरावर एक कंपनी स्थापून, तिच्या देखरेखीखाली खासगी मालकांच्या बस ठरलेल्या मार्गावर आणि वेळेवर चालवाव्यात, अशी ही योजना आहे. तत्त्वतः ती योग्य आहे. तिचे यश इंदूर-भोपाळच्या मार्गांवर मोजून चालणार नाही, तिथे बस आपोआप भरते. बैहरहून पहाटे सुटणारी बस वर्षभर नियमाने सुटते का, हीच या योजनेची खरी कसोटी.

सीमेचा प्रश्न वेगळा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८८ नुसार एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात तिथल्या अधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीनेच चालतो आणि त्यासाठी दोन राज्यांमध्ये मार्ग व फेऱ्यांचा करार लागतो. असे करार वर्षानुवर्षे जुन्या गरजांवर बेतलेले राहतात. सवलतींचेही तसेच. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळते आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना त्याआधीपासून मोफत प्रवास आहे. या दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू आहेत. आमगावची मुलगी बालाघाटला माहेरी-सासरी ये-जा करते, तेव्हा बाघ नदीचा पूल ओलांडताना तिचे भाडे बदलते. राज्याच्या तिजोरीच्या दृष्टीने हा नियम समजण्यासारखा आहे. पण शेजारच्या जिल्ह्यांतल्या रोजच्या प्रवासासाठी दोन राज्यांनी सवलतींचा परस्पर हिशेब ठेवणे अशक्य नाही.

सर्वांत जास्त त्रास होतो रुग्णाला. पठारावरून मोठ्या उपचारासाठी लोक बालाघाटला, तिथून गोंदियाला आणि पुढे नागपूरला येतात. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते. पण दर महिन्याला तपासणीला यायचे असलेल्या माणसासाठी, गरोदर बाईसाठी, सिकलसेलच्या मुलासाठी रुग्णवाहिका नसते. त्याला बसने यायचे असते. बाह्यरुग्ण विभागात सकाळी नाव नोंदवावे लागते. सकाळी अकराला पोहोचणारी बस त्याच्या कामाची नाही. त्याला आदल्या दिवशी निघावे लागते, कुठेतरी मुक्काम करावा लागतो आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाची दोन दिवसांची मजुरी बुडते. औषध मोफत असते. मजुरी, मुक्काम आणि जेवण यांचा खर्च त्यालाच सोसावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो येतच नाही. डॉक्टर त्याला उपचार अर्धवट सोडणारा म्हणतात. खरे पाहता त्याला उपचारापर्यंत पोहोचवणारी वाट अर्धवट सुटलेली असते.

अनेक वर्षे या सगळ्यावर सुरक्षेचे कारण सांगितले जाई आणि ते खोटे नव्हते. १५ डिसेंबर १९९९ रोजी मध्य प्रदेशचे तत्कालीन परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची किरनापूरजवळच्या त्यांच्या गावी नक्षलवाद्यांनी हत्या केली. ज्यांच्याकडे राज्याची वाहतूक होती, त्या मंत्र्याचाच जीव या जिल्ह्यात गेला. रस्त्याची कामे थांबली, यंत्रे जाळली गेली, रात्रीची वाहतूक बंद झाली. बसमालकाने अशा रस्त्यावर गाडी घालावी अशी अपेक्षा करणे तेव्हा अन्याय्य होते. आता परिस्थिती बदलली आहे. २०२५ च्या अखेरीस राज्य सरकारने जिल्हा नक्षलमुक्त झाल्याचे जाहीर केले. पोलिसांनी आणि स्थानिक लोकांनी मोठी किंमत देऊन मिळवलेली ही शांतता आहे. ती टिकवायची असेल, तर सरकारचे अस्तित्व लोकांना छावणीपेक्षा बसच्या रूपाने अधिक दिसले पाहिजे.

रस्ते मात्र झाले आहेत, हे नोंदवायला हवे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने डोंगराळ आणि आदिवासी भागांत २५० लोकवस्तीच्या पाड्यापर्यंत पक्का रस्ता नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन योजनेने बैगांसारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठी ही अट १०० लोकवस्तीपर्यंत खाली आणली. चाळीस वर्षांपूर्वी पायवाटेने जावे लागे अशा अनेक पाड्यांना आज डांबरी रस्ता आहे. पण रस्ता झाला की वाहतूक झाली, असे सरकारी अहवाल मानून चालतात. ज्या घरात मोटारसायकल आहे त्याला रस्त्याचा लाभ लगेच मिळतो. ज्या घरात ती नाही, ते रस्त्याच्या कडेने पूर्वीइतकेच चालत असते. या रस्त्यांवर दिवसातून दोनदा का होईना ठरलेल्या वेळी वाहन धावावे, याची तरतूद रस्त्याच्या आराखड्यातच असायला हवी.

जगात डोंगरी वाहतुकीचा प्रश्न ज्यांनी चांगला सोडवला, त्यांच्याकडे पाहिले तर एक समान सूत्र दिसते. स्वित्झर्लंडमध्ये टपाल खात्याच्या मोटारबस १९०६ पासून डोंगरातल्या गावांना जातात. १९८२ मध्ये त्या देशाने रेल्वेसाठी ठरावीक अंतराने, रोज त्याच मिनिटाला गाडी सुटेल असे वेळापत्रक लागू केले आणि डोंगरात जाणाऱ्या बस त्याला जोडल्या. गाडी स्थानकात येते, प्रवासी उतरतात आणि काही मिनिटांत बस निघते. श्रीमंत देशाचे उदाहरण म्हणून ते बाजूला सारण्याचे कारण नाही, कारण या सुधारणेचा गाभा वेळापत्रक आहे आणि वेळापत्रकाला यंत्रसामग्रीइतका खर्च येत नाही. आपल्याच देशात हिमाचलच्या परिवहन महामंडळाची बस उन्हाळ्यात दिल्लीहून केलाँगमार्गे लेहपर्यंत जाते. ती फेरी नफा मिळवून देते म्हणून चालत नाही. डोंगरातल्या लोकांना ती लागते, म्हणून ते राज्य ती चालवते.

यावर एक आक्षेप येतो: घाटावर प्रवासीच थोडे, मग रिकामी बस कोणी आणि का चालवायची? आक्षेप प्रामाणिक आहे. पण प्रवासी थोडे असण्याचे एक कारण बस थोड्या असणे हेही आहे. बस भरवशाची नसते म्हणून ज्याला जमते तो कर्ज काढून मोटारसायकल घेतो. त्यामुळे बसचे प्रवासी घटतात आणि मालक आणखी एक फेरी रद्द करतो. हे चक्र बाहेरून थोडा आधार दिल्याशिवाय थांबत नाही. असा आधार देण्याची पद्धत सरकारला नवी नाही. २०१६ मध्ये आणलेल्या उडान योजनेत लहान शहरांच्या विमानातल्या ठरावीक आसनांचा तोटा सरकार भरून देते. बिरसीहून उडालेल्या विमानासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते बैहरहून सुटणाऱ्या बसलाही लागू करता येईल. एका बसफेरीचा वर्षभराचा तोटा आणि एका विमानफेरीचा तोटा यांची तुलना केली, तर कोणत्या पैशात किती लोकांचे काम होते हे अर्थखात्याला सहज कळेल.

दुसरा आक्षेप वन्यजीवांच्या बाजूने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. कान्हा आणि पेंच या दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग बालाघाट आणि शिवनीच्या जंगलांतून जातो. रेल्वेमार्ग आणि रस्ते हा भ्रमणमार्ग छेदतात. पेंचजवळ महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ ठिकाणी मोकळी जागा सोडण्यात आली आणि तिथून वाघ ये-जा करत असल्याचे कॅमेऱ्यांत दिसले. विचार करून बांधले तर रस्ता आणि जंगल दोन्ही टिकतात, हे त्यावरून सिद्ध झाले. बैहरच्या घाटात मात्र रस्ता आणखी रुंद करण्याची, वेग वाढवण्याची किंवा मलाजखंडपर्यंत नवी रेल्वे नेण्याची घाई करू नये. घाटाला गरज आहे ती वाहनांच्या नियमितपणाची. चाळीस माणसे घेऊन जाणारी एक बस चार जीपा आणि वीस मोटारसायकली रस्त्यावरून कमी करते. रात्रीच्या अनियमित वाहतुकीपेक्षा दिवसाच्या ठरलेल्या फेऱ्या वाघाला आणि माणसाला दोघांनाही अधिक सुरक्षित आहेत. जंगलाच्या हिताची आणि रहिवाशाच्या हिताची मागणी इथे एकच आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर विभाग, मध्य प्रदेशची नवी परिवहन कंपनी आणि महाराष्ट्राची एसटी या तिघांनी गोंदिया-बालाघाट-बैहर पट्ट्याचे एक संयुक्त वेळापत्रक तयार करावे आणि ते हिंदी व मराठीत प्रत्येक स्थानकावर लावावे. नागपूरकडून येणारी सकाळची गाडी गोंदियाला पोहोचल्यावर बालाघाटची गाडी आणि तिला जोडून बैहरची बस मिळालीच पाहिजे. गाडीला अर्धा तास उशीर झाला, तर बसने थांबावे असा नियम असावा. दुसरी, बैहरहून पहाटे निघून गोंदियाच्या रुग्णालयात नोंदणीच्या वेळेआधी पोहोचणारी आणि संध्याकाळी परत चढणारी एक फेरी वर्षाचे बाराही महिने चालवावी. कान्हाचे पर्यटन १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद असते, त्या काळात भाड्याच्या मोटारीही घाटातून कमी होतात. आजारपण नेमके त्याच महिन्यांत वाढते. म्हणून ही फेरी पर्यटनाच्या हंगामावर अवलंबून ठेवू नये.

तिसरी गोष्ट, दोन राज्यांच्या करारात नागपूर-बैहर आणि गोंदिया-मलाजखंड या थेट फेऱ्यांचा विचार व्हावा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला गाठोडे घेऊन तीन वाहने बदलावी लागणार नाहीत. चौथी, काळी-पिवळी आणि जीपवाल्यांना हाकलून न लावता त्यांना परवाने, प्रवासीसंख्येची मर्यादा आणि विमा देऊन बैहर ते पाडे या शेवटच्या टप्प्यावर सामावून घ्यावे. तिथे मोठी बस जाऊ शकत नाही आणि त्यांचा रोजगारही टिकतो. पाचवी, पावसाळ्याची तयारी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराने बालाघाट, गोंदिया आणि भंडारा या तिन्ही जिल्ह्यांना वेढले होते. कोणता पूल बुडाला की कोणत्या रस्त्याने बस वळवायची, हे पूर येण्याआधी ठरलेले असावे आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जिल्हा प्रशासनांना ते ठाऊक असावे.

वाचकांपैकी जे या पठारावर जाऊ इच्छितात, त्यांच्यासाठीही दोन शब्द. कान्हा पाहायला जाणाऱ्याने शक्य तिथे रेल्वेने गोंदिया किंवा बालाघाट गाठावे आणि पुढचा घाट दिवसाउजेडी चढावा. मुक्कीकडून प्रवेश घ्यायचा असेल तर बालाघाट सोयीचे, किसली-खटियाकडून जायचे असेल तर नैनपूरकडून चिरईडोंगरी स्थानकाचा विचार करावा. जिथे बस उपलब्ध आहे तिथे बसने जावे. बाहेरून आलेल्या प्रवाशांमुळे एखादी फेरी भरली, तर ती स्थानिक लोकांसाठी टिकते. पर्यटकाने दिलेल्या पैशातला थोडा भाग त्या गावाच्या वाहतुकीला मिळाला, तर जंगल सांभाळणाऱ्या माणसांना त्या जंगलाचा एक प्रत्यक्ष फायदा मिळेल.

दूरच्या डोंगरावर पोहोचण्याचे मार्ग मोजताना आपण वेगवान वाहनांपासून सुरुवात करतो. बालाघाटचा अनुभव मोजणी उलट बाजूने करायला सांगतो. शेवटच्या पाड्यातला माणूस पहाटे कोणत्या वेळी घरातून निघाला म्हणजे त्याच दिवशी काम उरकून परत येतो, हा पहिला प्रश्न असायला हवा. त्याच्या उत्तरावरून बसची वेळ ठरावी, बसवरून गाडीची वेळ ठरावी. रुळ आहेत, रस्ते आहेत, शांतता आली आहे आणि नवी परिवहन योजनाही मंजूर आहे. आता लागते ती दोन राज्यांच्या परिवहन खात्यांची आणि रेल्वेची एक संयुक्त बैठक आणि तिथे ठरलेल्या वेळा पाळण्याची जबाबदारी. येत्या पावसाळ्याआधी ही बैठक व्हावी, अशी आमची दोन्ही राज्यांच्या सरकारांना आग्रहाची विनंती आहे.